यांगसुनने गाळलेल्या फ्रेम्स

यांगसुनचा निम्मा जन्म दुसऱ्यांचे चेहरे नीट करण्यात गेला. दक्षिण कोरियातल्या सामचनपोच्या बंदरावर, मासळीबाजाराच्या तोंडाशीच तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ. नवरा ब्योंगसू बाहेर फोटो काढायचा आणि ही आत कॉम्प्युटरवर बसून ते पुसून नीट करून द्यायची. पासपोर्टचा फोटो असो, नोकरीच्या अर्जाचा असो, नाहीतर म्हातारी माणसं मयतासाठी आधीच काढून ठेवतात तो असो, गालावरचे डाग, डोळ्यांखालचं काळं, वाकडी कॉलर, सगळं हिच्या हातून जायचं.

"गावातल्या सगळ्यांची तोंडं दुरुस्त केलीस, माझंच तेवढं राहिलं," ब्योंगसू म्हणायचा.

"तेवढं फोटोशॉप अजून निघालं नाही," ती मान न वळवता म्हणायची.

असा त्यांचा संसार. मूलबाळ झालं नाही. त्यावर ती कधी बोलली नाही, मग आपण तरी कशाला बोला.

पण दानूवर तिचा जीव होता. बाजाराच्या मागच्या शेडमध्ये वाळवायची मासळी चिरणाऱ्या बायका बसतात, त्यातल्या एकीचा हा मुलगा, हनुवटीवर व्रण असलेला बेक दानू. बाप लवकर गेला. आईचे हात दिवसभर मिठात, त्यामुळे पोरगं शाळा सुटली की स्टुडिओत येऊन बसायचं, शेवाळाच्या पानात गुंडाळलेले भाताचे गिंबाप खायचं आणि मोठमोठ्यानं जुन्या चालीची ट्रॉट गाणी म्हणायचं. ती गाणी म्हाताऱ्यांची. दहा वर्षांचं पोर विरहाची गाणी आळवतंय म्हटल्यावर गिऱ्हाइकं हसून हसून लोळायची. "अरे, तुला कोण सोडून गेलं?" ब्योंगसू विचारायचा. दानू म्हणायचा, "अजून कुणी नाही, काका. पण जाईल की."

हाच दानू मोठा होऊन खरंच गायक झाला. लहानसा गायक, बरं का. सोलच्या एका कंपनीनं त्याला घेतलं आणि गावोगावच्या उत्सवांना पाठवायला सुरुवात केली. कुठे लसणाचा उत्सव, कुठे खेकड्यांचा. चकचकीत लाल कोट घालून तो गायचा आणि समोर साठीच्या बायका प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून हात हलवायच्या.

त्या बायकांनी नेटवर त्याच्यासाठी एक मंडळ काढलं. यांगसुन त्यात गेली, पण नाव लपवून. तिथं तिचं नाव 'गोगलगाय', कारण तिचा कॉम्प्युटर तसाच चालायचा. नाव लपवलं ते लाजेनं. पन्नाशी उलटलेली बाई पोराचे फोटो जमवते म्हटलं तर मासळीवाल्यांनी तिला बाजारातून धड जाऊ दिलं नसतं. दानूलाही तिनं सांगितलं नाही.

मंडळात बाकीच्या नुसते व्हिडिओ टाकायच्या, ते कुणी उघडायचं नाही. यांगसुननं त्यातून छोटी हलती चित्रं करायला घेतली. जिफ. दानू डोळा मारतो, दानू घाम पुसतो, दानू माईक पडता पडता झेलतो. दोन-तीन सेकंदांचा खेळ, पण पुन्हा पुन्हा चालणारा, आणि बोट न लावता आपोआप हलणारा. बायका वेड्या झाल्या. "गोगलगाय ताई, आज काय आणलंस?" म्हणून सकाळपासून वाट बघायच्या.

काम सोपं नव्हतं हो. मंडळाच्या पानावर मोठी फाइल चढायची नाही. मग व्हिडिओच्या फ्रेम्स फोटोशॉपमध्ये एकाखाली एक मांडायच्या, कडा कापायच्या, रंग कमी करायचे. रंग फार कमी केले की त्या लाल कोटावर खरजेसारखे चट्टे उठायचे. ते तिला खपायचं नाही. ती रंग ठेवायची आणि फ्रेम्स गाळायची. कुठली गाळायची याचा तिचा नियम एकच: ज्यात चेहरा दिसत नाही, ती पहिली उडवायची. बायकांना चेहरा हवा असतो, डोक्याचे केस बघायला कोण येतं. मग उरलेल्या फ्रेम्स अशा सांधायच्या की मधलं काही गेलंय हे कुणाला कळू नये. सांधा लपवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोपऱ्यात छोटीशी गोगलगाय काढायची आणि सोडून द्यायचं.

पुढे टीव्हीवर ट्रॉटची मोठी स्पर्धा लागली आणि आपला दानू शेवटच्या सात जणांत जाऊन बसला. शेडमधल्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवून मतं दिली. जिंजूच्या मैदानावर जाहीर फेरी झाली, पुढे अंतिम फेरी सोलला. जिंकणाऱ्याला गाण्याची स्वतःची तबकडी मिळणार होती. दानूच्या आईनं शेडमधलं काम सोडायचं का नाही, यावर सगळा बाजार चर्चा करत होता.

जिंजूला दानू असा गायला की ज्येष्ठ परीक्षक गुक थेबोंग गुरुजींचे डोळे भरून आले. टीव्हीवर त्या वेळी गुणांचा फलक दाखवत होते. पण मंडळातल्या मिरान ताईनं पुढच्या रांगेतून फोनवर सगळं घेतलं. दानू पायऱ्या उतरला, गुरुजींसमोर थांबला, कमरेतून खाली वाकला. तो सरळ झाला तसा गुरुजींनी हात पुढे केला. दानूनं तो दोन्ही हातांत धरला, पुन्हा वाकला. मग मान वर करून ओल्या डोळ्यांनी हसला आणि निघून गेला.

ते हसू यांगसुनला हवं होतं. दुपारी स्टुडिओ रिकामा होता, ती बसली. फाइल काही केल्या मावेना. कडा कापल्या, तरी मावेना. मग नेहमीसारख्या बिनचेहऱ्याच्या फ्रेम्स काढल्या. वाकलेला दानू म्हणजे नुसते केस, ते गेले. हातात हात घेतला तेव्हाही मान खाली, तेही गेले. सांधा असा बसला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. दानू चालत येतो, हसतो, जातो. ती फक्त त्याचाच चेहरा बघत होती. शेजारी खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे तिनं बघितलंच नाही.

बाकीच्यांनी मात्र म्हाताऱ्याकडेच बघितलं. गुरुजींचा हात वर येतो, दानू त्या हाताकडे बघून हसतो आणि सरळ निघून जातो. ना थांबणं, ना वाकणं. आणि जिफच ते, एकदा करून थांबेल कसं. हात वर येतो, पोरगा हसून जातो. हात वर येतो, पोरगा हसून जातो. आमच्याकडे चोर म्हटलं तरी माणूस उजळ माथ्यानं फिरेल. वडीलधाऱ्यांपुढे मान झुकवली नाही म्हटलं की संपला.

चित्र मंडळाबाहेर गेलं आणि दोन दिवसांत देशभर झालं. 'दोन गाणी काय गायला, डोक्यात हवा गेली.' 'आईनं हेच शिकवलं का?' 'आई मासळी चिरते म्हणे, वळण कुठलं लावणार.' मिरान ताईनं पूर्ण व्हिडिओ टाकला. कोण बघतंय एवढा मोठा व्हिडिओ? ज्यांनी पाहिला ते म्हणाले, भक्तिणींनी नंतर जोडलेलं दिसतंय. गुरुजी काही बोलले नाहीत. कंपनीनं घाबरून दानूच्या नावानं माफी मागून टाकली, आणि माफी मागितल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली.

मंडळात बायका तुटून पडल्या. "गोगलगाय, काय करून बसलीस गं बाई?" "पुढे येऊन सांग की, मी कापलं म्हणून." यांगसुननं लिहिलं, 'मी कापलं. तो वाकला होता.' खाली नाव-गाव घालायचं होतं, नाहीतर कोण विश्वास ठेवणार. ती नावापर्यंत आली आणि तिचे हात थांबले. पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं, परत पुसलं.

तिसऱ्या दिवशी दानूची आई स्टुडिओत आली. अंगाला मासळीचा वास, हातात फोन. खुर्चीच्या कडेवर बसली.

"यांगसुन, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. हे कुणी केलं ते शोधता येतं का गं?"

"का?"

"विचारायचंय. माझ्या पोरानं त्याचं काय वाकडं केलं होतं, एवढंच विचारायचंय."

यांगसुननं फोन हातात घेतला. चित्र फिरून फिरून चालत होतं, कोपऱ्यात ती गोगलगाय. ती बघण्याचं नाटक करत राहिली आणि म्हणाली, "नाही गं. असलं नाही सापडत."

"मला वाटलंच," म्हणत ती उठली. "तू जेवलीस का? तोंड किती उतरलंय तुझं."

ती गेल्यावर यांगसुन न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडली. ब्योंगसूनं दार वाजवलं, तर पोट दुखतंय म्हणाली.

त्याच आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं की खोटं चित्र करणाऱ्यावर पोलिसात तक्रार करणार.  पोलिस, बाजार, ब्योंगसू, सगळ्यात आधी दानूची आई, असं सगळं यांगसुनच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं मंडळातलं खातं बंद केलं, त्याबरोबर तिथली तिची सगळी चित्रं गेली. कॉम्प्युटरमधली दोन वर्षांची चित्रं पुसली. त्यांच्या प्रती ठेवलेला पेनड्राइव्ह हातोडीनं फोडला. बायको एवढं काय ठोकतेय म्हणून ब्योंगसू डोकावला, तर म्हणाली खिळा.

तक्रार काही झाली नाही. दानूला स्पर्धेतून काढलं, मग कंपनीनंही सोडलं. मंडळ बंद पडलं. दानू गावी परतला आणि घराबाहेर दिसेनासा झाला.

हिवाळ्याच्या तोंडाला तो स्टुडिओत आला. वाळला होता. ब्योंगसू पलीकडे सूप प्यायला गेला होता.

"मावशी, अर्जाचा फोटो हवाय. गोजेला जहाजाच्या कारखान्यात जातोय. वेल्डिंग शिकवतात."

"आणि गाणं?"

"आता कोण ऐकणार, मावशी."

 यांगसुन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दानू, ते मी केलं रे. ती गोगलगाय मीच."

"माहीत आहे की."

तिनं मान वर केली.

"पहिल्या उत्सवापासून माहीत आहे. माझ्या हनुवटीवरचा व्रण तुझ्याशिवाय कोण पुसतं? शाळेच्या फोटोपासून पुसतेस. हलत्या चित्रातसुद्धा एकेका फ्रेममधून पुसला होतास. एवढा वेळ कुणाला आहे, मावशी?" तो थोडं हसला. "कंपनीचे वकील विचारत होते, ही बाई कोण, ओळखतोस का. म्हणाले, तिला पुढे केलं की तू सुटलास."

"मग?"

"मी म्हटलं, नाही ओळखत."

यांगसुननं तोंडावर हात घेतला. "मी सांगायला हवं होतं रे. मला कळत होतं, पण मी भ्याले. माझ्यापायी तुझं वाटोळं झालं."

तो तिच्यापुढे उकिडवा बसला, लहानपणी गिंबाप खायला बसायचा तसा. "बरं, रडू नकोस. माझं एक काम कर. तू केलेली ती बाकीची सगळी चित्रं आईच्या फोनमध्ये टाकून दे. डोळा मारतो ती, माईक झेलतो ती. मी गेल्यावर बघत बसेल. तिच्या फोनमध्ये लोकांनी पाठवलेलं ते एकच आहे, आणि ती रोज तेच बघते."

 यांगसुननं मान आडवी हलवली.

"काय, नाहीत?"

"पुसली. पोलिस येतील म्हणून सगळी पुसली. एकही ठेवलं नाही."

 दानू चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. पण तो उठला, आरशासमोर गेला, केसांवरून हात फिरवला आणि पांढऱ्या पडद्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसला.

"काका येईपर्यंत थांबतो," तो म्हणाला. मग, तिच्याकडे न बघता, "मावशी, आईला यातलं काही सांगू नकोस हं. बाजारात तिच्याशी बोलणारी आता तू एकटीच राहिलीस."