तुळशीत पुरलेला तुकडा

आमची मुलगी स्टार्चपासून खाण्याचे पदार्थ गुंडाळायची फिल्म बनवते. म्हणजे त्यावर संशोधन करते. पण लालबागच्या आमच्या इमारतीत मी ‘बनवते’ असंच सांगतो. संशोधन म्हटलं की लोक लगेच लग्नाचं विचारतात. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, त्याच्याच पिठाची ही फिल्म, दिसते मात्र प्लास्टिकसारखी. काही नमुन्यांत जस्ताचे अतिसूक्ष्म कण घालतात, त्यामुळे आतल्या पदार्थाला बुरशी लवकर धरत नाही.

ती नमुने घरी आणायची. मला वाटलं, बापानेही विज्ञानाला हातभार लावावा. मातीत खरंच कुजते का बघू, म्हणून एक तुकडा खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरला. चाळ पाडून झालेल्या या टॉवरमध्ये आल्यापासून आमच्या मालकीची माती तेवढीच.

काही आठवड्यांनी उकरलं, तर तुकडा गायब! चहा पिताना मी जाहीर केलं, “तुझी फिल्म पास! मी पुरलेला तुकडा मातीत पार कुजला.”

“कुठे पुरला होतास?”

“तुळशीत.”

तिने कप खाली ठेवला. “निळ्या स्टिकरच्या पाकिटातला?”

“हो, तेच वर होतं.”

“बाबा, ते कणवालं. स्टार्च कुजला, जस्त कुठे जाणार? ते कुंडीतच आहे.”

“मग तुळस मरेल?”

“तुळशीचं सोड. आजीचं काय?”

माझी आई आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते आणि एक पान तोडून तोंडात टाकते. चाळीच्या गॅलरीत टाकायची, टॉवरमध्येही टाकते.

“पण तिला काही होईल का?”

“बहुधा नाही. जस्त अन्नातही असतं. पण इतके बारीक कण पानात किती चढतात, पोटात जाऊन काय करतात, ते मी छातीठोक नाही सांगू शकत.”

“अगं, तू त्यातच आहेस ना?”

“म्हणूनच नाही सांगू शकत.”

कुठल्याही संकटात मला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे दादरला जाणे. तिथून नवी तुळस आणली.

“एक धडधाकट असताना ही कशाला?” आईने विचारलं, आणि मला सगळं सांगावं लागलं. तिने शांतपणे ऐकलं. मग नातीकडे वळली. “तू खाशील काय गो यातलं पान?”

मी आईच्या पाठीमागून मान हलवत होतो. हो म्हण, बाई. एवढ्यापुरतं म्हण.

“नाही, आजी,” मुलगी म्हणाली. “अजून तरी नाही खाणार.”

“बरं. मग मीपण नाही. आणि तुझ्या बापाला आता कशाला हात लावू देऊ नको.”

नव्या तुळशीचं पान ती तोडत नाही. म्हणते, बाळ आहे अजून. जुनी मात्र अशी काही फोफावली आहे की शेजारीण खताचं नाव विचारून गेली. ती कुंडी हलवू की ठेवू, मला ठरवता येत नाही. मुलीला विचारलं, तर तिलाही नाही.

सकाळी पाणी घालून झालं की आईचा हात सवयीने जुन्या तुळशीकडे जातो. पानाशी थांबतो. ती ते नुसतं चोळते, बोटांचा वास घेते आणि माझ्याकडे बघते. मी पेपर वर धरतो.