फुगडीतला फू

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुकांसाठी माफी असावी. रागासाठी मात्र मी माफी मागणार नाही.

मोठ्या भावजींचा मुलगा मुंबईहून परत आला आणि काजू ठेवायच्या खोलीत त्याने स्टुडिओ थाटला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, कॉम्प्युटर मांडला, माइक उभा केला. त्याच वर्षी शेजारच्या कट्टा गावात फुगडीची स्पर्धा होती. गाणं आधी रेकॉर्ड करून द्यायचं, असा नियम. वाडीतल्या बायकांनी कोकमाची सोलं विकून पैसे साठवले होते. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, पण तेव्हा मीच म्हटलं, "बाहेर कशाक जातास? आमचोच पोरगो आसा." पैसेही माझ्याच हातून त्याला गेले.

त्याने एकेकीला माइकसमोर उभं केलं. पंखा बंद, खिडकी बंद. "हलू नको गो काकी, बांगड्यो वाजतत." फुगडीचं गाणं असं खांबासारखं उभं राहून कोण म्हणतं? तरी आम्ही बांगड्यांवर रुमाल बांधले आणि घाम पुसत गायलो.

काही दिवसांनी गाणं फोनवर आलं. ढोलकी, बासरी, सगळं घातलं होतं. अंगणात आम्ही हात धरून फेर धरला. फुगडीत कडवं संपलं की सगळ्या तोंडाने "फू, फू" करतो आणि त्या ठेक्यावर गिरक्या घेतो. या गाण्यात तो फूच नव्हता. ती जागा कापून त्याने पुढचं कडवं जोडलं होतं. एक बाई फिरली, दुसरी थांबली, तिसरी तुळशीच्या कट्ट्यावर आपटली.

मी तशीच स्टुडिओत गेले. "फू खंय गेलो?"

"काकी, तो नुसतो श्वासाचो आवाज. मिक्सिंग करताना काढूचोच लागता. आता बघ कसा साफ झाला."

"साफ? केर काढलंस काय तू? परत घाल."

"मूळ फायली पुसून टाकलंय. जागा नाय होती."

"मगे पैसे परत दी."

तो हसला. "फूचे पैसे?"

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण भावजी धावत आले. मुलाला विचारायचं सोडून मलाच म्हणाले, "घरातल्या घरात कसले पैसे मागतंस गो?" घरातले पैसे होते का ते? उन्हात सोलं वाळवून ज्यांचे हात काळे पडले, त्यांचे होते.

नवं रेकॉर्डिंग करायला ना पैसे होते, ना वेळ. स्पर्धेला आम्ही गेलोच नाही. बायका मला काही बोलल्या नाहीत. मी विहिरीवर गेले की त्यांच्या गप्पा थांबायच्या, एवढंच.

मग मी त्याच्या दारात जाऊन बसायला लागले. गिऱ्हाईक आलं तरी उठत नव्हते. कोणी विचारलं, "काकी, तुम्ही पण गातास?" तर सांगायचे, "गायलंय. पैसे परत मिळूची वाट बघतंय." तो दात-ओठ खात थोडे थोडे पैसे काढायचा.

काल शेवटचे दिले. "झाला मा आता? जरा हस बघूया, काकी."

मी हसले नाही. तिथूनच घरोघर गेले आणि जिचे तिला पैसे दिले. एकीचाही रुपया राहिला नाही.