छाणीला भाजलेले बोंबील

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आईनं सुक्या बोंबलांचं पुडकं माझ्या पिशवीत तळाशी खुपसलं, त्यावर दोन साड्या कोंबल्या आणि कानाशी येऊन म्हणाली, "तिकडे कुणाला दाखवू नको गो. गोड बोलतील आणि मागाहून नावं ठेवतील." तुम्ही सगळ्या बहिणी तेव्हा रडत होतात. मी मात्र गाडी सुटायच्या आधीच बडोद्याच्या लोकांवर संशय घ्यायला सुरुवात केली होती.

सासर रावपुऱ्यात, मराठी माणसांत. तिथं जागा पुरेना म्हणून आम्ही दोघं नवराबायको बडोद्याच्या टोकाला, छाणीच्या एका सोसायटीत राहायला गेलो. आजूबाजूला सगळे गुजराती, कांदासुद्धा विचार करून खाणारे. शेजारच्या हंसाबेन पहिल्याच दिवशी "केम छो, भाभी?" करत थेट स्वयंपाकघरात शिरल्या. काय शिजतंय ते बघायला आल्या असणार, मी मनात म्हटलं. बोंबील भाजायचे तर मी खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून भाजायची. धूर इतका व्हायचा की हे विचारायचे, आज पूजा आहे की काय?

उन्हाळ्यात तिथं पापडांची पाळी असे. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या. सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. पहिल्या वर्षी मीही लाटले. माझे पापड वेडेवाकडे झाले म्हणून सगळ्या हसल्या, आणि ते हसणं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात हंसाबेननी माझ्या हातातलं लाटणंच काढून घेतलं. "तमे खुरशी पर बेसो." नळावर गेले तर माझा हंडा दुसरीनंच उचलला. माझ्या घरचे पापड होते त्या दिवशीही मला पाहुणीसारखं बसवून ठेवलं. माझं डोकंच फिरलं. यांना बोंबलांचा पत्ता लागला, आता माझा हात पिठाला नको, नळाला नको! नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, तुझा आपला स्वभावच संशयी.

मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. आधीचं एक गेलेलं, म्हणून मी तुम्हालाही कळवलं नव्हतं. त्या बायकांना कुठली सांगणार? रोज सकाळी जीव मुठीत धरून उठत होते.

एका दुपारी पोटात कळ आली आणि साडी भिजली. हे कारखान्यात. हाक मारायची मला लाज वाटली. ज्यांना माझा हात चालत नाही त्यांना कोणत्या तोंडानं बोलवायचं? शेवटी भीतीनं ओरडलेच. हंसाबेन पिठाच्या हातांनी धावत आल्या. आणखी एकीला हाक मारून त्यांनी मला उचललं, रिक्षात घातलं, आणि दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "त्रीजो महिनो चाले छे."

बाळ वाचलं. संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या मी हंसाबेनना विचारलं, तुम्हाला सांगितलं कुणी?

"कोईए नहीं. तमारे त्यांथी माछलीनी वास आवती बंध थई गई ने, एटले."

तीन महिने पुरे होईपर्यंत तोंडानं काही बोलायचं नाही, पण बाईला जड उचलू द्यायचं नाही, जमिनीवर बसू द्यायचं नाही, असा त्यांचा रिवाज. मला मळमळत होतं म्हणून बोंबील बंद झाले, हे त्यांनी भिंतीपलीकडून ओळखलं होतं.

"मग आधी? चालायचा तुम्हाला तो वास?"

"ना रे! माथुं फाटी जतुं. अमे बारी बंध करी देता."

म्हणजे इकडे मी खिडक्या लावायची आणि तिकडे त्याही! मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

ती मुलगी आता परदेशी असते. माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. नवा भाडेकरू फार गोड बोलला की अजून वाटतं, याला काय हवंय? पण तुम्ही फोनवर सारखं म्हणता, आता हेही राहिले नाहीत, तिकडे परक्यांत एकटी कशाला राहतेस, आपल्या माणसांत ये. येईन, चार दिवस राहीन. पण आपल्या आळीत घरोघरी बोंबील भाजतात. माझ्या घरचे बंद झाले, तर तिथं कळणार कुणाला?