राईट म्हणालो होतो ना!

आमच्या तळेगावच्या सायकल ग्रुपमध्ये सायकल चालवण्यापेक्षा सायकल दाखवण्याला जास्त मान आहे, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. रविवारी उजाडता उजाडता निघायचं ठरलेलं असतं, पण ऊन अंगावर येईपर्यंत चहाच्या टपरीसमोरून कोणी हलत नाही. आठवडाभरात कुणी काय नवं बसवलं त्याची आधी पाहणी व्हायची असते. लग्नघरात नव्या सुनेचे दागिने बघतात ना, तशी. हात लावून, उचलून, खाली वाकून. कुणी पुढचं सस्पेन्शन बदललेलं असतं, कुणी बटण दाबलं की खाली जाणारी सीट आणलेली असते. एकाने तर नुसते बोल्ट बदलले होते. टायटॅनियमचे. ते दिसत नव्हते म्हणून त्याने बोट ठेवून एकेक दाखवला.

या सगळ्यांचा एक म्होरक्या आहे. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, लोणावळ्यात सुट्टीचा बंगला, आणि कार्बनची सायकल. तिच्याबद्दल तो इतक्या मायेने बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, घरी बाळंतपण झालंय. माझी सायकल लोखंडी आहे. स्टँड, कॅरिअर, घंटी, मडगार्ड, सगळं असलेली. तिला बघून तो एकदा म्हणाला, “मॅडम, हिच्यावर दुधाच्या किटल्या छान बसतील.” सगळे हसले. मी म्हटलं, “बसतील की. तुमच्या सायकलवर तर तुमच्याशिवाय काहीच बसत नाही.” त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

मग वजन कमी करायची साथ आली. विमानप्रवासाला जाताना बॅगा तोलायचा तो हुकाचा काटा असतो, तो म्होरक्याने टपरीवर आणला आणि सायकली लटकवून तोलायला सुरुवात केली. स्टँड निघाले, रिफ्लेक्टर निघाले. शेवटी घंट्या निघाल्या. घंटी काढल्यावर काट्यावरचा आकडा हललासुद्धा नाही, तरी टाळ्या पडल्या. त्याच दिवशी कामशेतला थांबून या माणसाने इतके वडापाव खाल्ले, की तेवढ्या वजनात घंट्यांचं एक दुकान आलं असतं. पण पोट तोलायला हुक नव्हता.

“समोर माणूस आला तर काय करणार?” असं मी विचारलं होतं. म्होरक्याने मागचं चाक उचलून फिरवलं. त्यातून कर्रर्र आवाज आला. चाकाच्या मधोमध बसवलेला हा नवा हब, म्हणे त्याचा आवाज लांबून ऐकू येतो. पायडल मारणं थांबवलं की तो वाजतो, मारत असताना गप्प, हे त्याने सांगितलं नाही. “आणि लागलंच तर ओरडायचं, ‘राईट!’ बाहेरच्या देशात असंच करतात.” म्हणजे मी तुमच्या उजव्या बाजूने पुढे जातोय, तुम्ही आपले चालत राहा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मावळात आमचा ग्रुप ‘राईट, राईट’ करत फिरू लागला.

कामशेतच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली माणसं थोडी शेती करतात, बाकी मजुरीला खाली येतात. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत एक वाट उतरते. ती कुठल्या सरकारने बांधलेली नाही, तिथल्या माणसांच्या पायांनी पडलेली आहे. आमच्या लोकांनी तिचा ‘ट्रेल’ केला. मोबाइलच्या ॲपवर तिला इंग्रजी नाव दिलं, आणि ती कोण किती वेगात उतरतं याची चढाओढ लावली. वाडीत जाऊन कुणी विचारलं नाही. कुणाच्या अंगणातून आपण जातोय याचा पत्ता नाही, आणि वाटेचं बारसं करून मोकळे!

गणपती होऊन गेले होते. भात निसवत होतं, डोंगरावर गवत कमरेएवढं झालं होतं. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे होते. वाटेच्या मधल्या टप्प्यावर एक मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन खाली चालली होती.

इथे एक सांगायला हवं. मी इथल्याच, कान्हे स्टेशनजवळच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. भारे मी वाहिलेत. भारा डोक्यावर असला की मान वळत नाही. गवत कानांवरून खाली लोंबत असतं आणि डोळ्यांना पाय ठेवायची जागा तेवढी दिसते. मागे बघायचं तर अख्ख्या अंगाने वळावं लागतं, आणि उतारावर तसं वळलं तर भाराच तुम्हाला घेऊन जातो. तेव्हा मागून काय येतंय हे त्या बाईला फक्त ऐकूनच कळणार होतं.

म्होरक्या पायडल मारत उतरत होता, त्यामुळे त्याचा तो महागडा हब गप्प होता. तो अगदी जवळ गेला आणि ओरडला, “राईट! राईट!”

मावशी झटकन उजवीकडे झाली. तोही उजवीकडूनच आला.

मी सायकल टाकून धावले. भारा सुटून गवत वाटभर पसरलं होतं. मावशी खाली बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून. चार पावलांवर आमचे सगळे वीर गोळा झाले होते. कशाभोवती? सायकलभोवती. एक जण चाक फिरवून बघत होता. एक जण म्हणाला, “गिअरचा हँगर वाकला वाटतं.” दुसऱ्याने गुडघ्यावर बसून फ्रेमवरून बोट फिरवलं, तडा गेलाय का बघायला. मी किंचाळलेच, “अहो, इकडे माणूस पडलंय!” तेव्हा कुठे माना वळल्या. त्यांच्या डोक्यावर काही भारा नव्हता.

म्होरक्या आला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. आणि त्याचं पहिलं वाक्य काय असावं? “मावशी, मी राईट म्हणालो होतो ना!”

ती वर बघून म्हणाली, “व्हय की भाऊ. म्हनून तर राईटला झाले.”

त्यावरही त्याला कळलं नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बघा, म्हणजे तिला ऐकू आलं होतं.” गवतात पडलेला कुणाचा तरी पंप तेव्हा माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला, एवढंच सांगते.

सगळ्यात जास्त राग मला नंतर आला, ती माफी मागायला लागली तेव्हा. “चुकलं वो भाऊ. तुमची गाडी मोडली का?” हात सुजत चाललेला, ओठ पांढरे पडलेले, आणि ही गाडीची चौकशी करतेय. त्याने काय म्हणावं? “असू दे, होतं कधी कधी.” त्याने तिला माफ केलं!

खालून जाणारा एक पिकअप थांबवून मी तिला कामशेतच्या दवाखान्यात नेलं. मनगटाजवळ हाड मोडलं होतं. प्लास्टर घालताना ती हूं की चूं करत नव्हती. सगळं झाल्यावर एकच विचारलं, “डाक्टर, कापनीला इळा धरता येईल न्हवं?” डॉक्टर म्हणाले, प्लास्टर निघाल्यावरही विळा लगेच धरायचा नाही. परतताना तिने सांगितलं, घरचं खाचर एवढंसं आहे. ती आणि तिची सून दर साली खालच्या गावात कापणीला जातात, आणि त्या कमाईवर घरचं वर्ष निघतं. या साली सून एकटी जाणार होती.

दवाखान्याचं बिल म्होरक्याने भरलं, हे खरं ते सांगते. आणि त्याबरोबर प्रकरण मिटलं असंही त्याने धरलं. मी ग्रुपवर लिहिलं, प्रत्येकाने घंटी बसवा, आणि त्या वाटेवर माणूस दिसलं की उतरून चाला. मग एकेक उत्तर यायला लागलं. एक म्हणाला, कार्बनच्या हँडलवर घंटीचा क्लॅम्प आवळला तर हँडलला तडा जाऊ शकतो. म्हणजे हँडलचं हाड जपायचं. दुसरा म्हणाला, वाट सगळ्यांची आहे, त्यांनीही लक्ष द्यायला हवं. म्होरक्याने पुढच्या रविवारी हेल्मेटवर कॅमेरा लावून आणला. परत असं काही झालं तर पुरावा हवा म्हणून! सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, किती वजन आहे विचारलं. तिथून मी सायकल वळवली ती घरी. मोबाइलवरचा ग्रुप सोडायला तेवढा विसरले, म्हणून त्यांचे निरोप येत राहिले.

दिवाळीच्या आसपास म्होरक्याचा निरोप आला. त्या वाटेवरचा नवा व्हिडिओ होता आणि खाली लिहिलं होतं, “इथले लोकल्स आता खूप कोऑपरेटिव्ह झालेत. एकदा आवाज दिला की आपोआप साइड देतात.” खाली अंगठ्यांची रांग.

मावशीला भेटायचं राहिलंच होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. चढाला सायकल हातात धरून चालत होते. वरून तीन बाया पेंढ्यांचे भारे घेऊन येत होत्या. त्यांच्या मागून कुठल्या तरी दुसऱ्याच ग्रुपचे दोघे आले आणि ओरडले, “राईट!” तिन्ही बाया एकदम डावीकडे सरकल्या, भाऱ्यांसकट थेट करवंदीच्या जाळीत. काटे लागत होते तरी तशाच उभ्या राहिल्या. सायकली गेल्या. त्यातल्या एकाने जाताना अंगठा दाखवला. बाया जाळीतून पदर सोडवून पुन्हा वाटेला लागल्या.

मावशी ओट्यावरच्या चुलीपाशी बसली होती. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकत नव्हतं. डाव्या हाताने ती चूल पेटवायला काटक्या मोडत होती, एक टोक पायाखाली दाबून. सून कापणीला गेली होती. मी बायांचं सांगितलं तशी ती खूश झाली.

“म्याच शिकिवलंय समद्यांला,” ती म्हणाली. “त्ये राईट म्हनले की आपुन डाव्या अंगाला व्हायाचं. त्येंची भाषा उलटी हाय. पोरास्नी बी सांगितलंय. आता कुनी पडत न्हाई.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अख्खी वाडी शिकली. म्हाताऱ्या शिकल्या, पोरं शिकली. घंटी बसवायला मात्र सायकलवाल्यांतला एकही शिकला नाही. मी जवळजवळ तिच्यावरच ओरडले, “मावशी, तुम्ही का म्हणून काट्यात शिरायचं? वाट तुमची आहे!”

तिने हातातली काटकी मोडली, चुलीत सारली आणि माझ्याकडे बघितलं.

“वाट आमचीच की,” ती म्हणाली. “पन हात बी आमचाच हाय न्हवं?”