गच्चीवरचे ब्लॉक

"ब्लॉक वितळलेत म्हणजे काय, मॅडम?"

धुळ्याचे कॅन्सरचे डॉक्टर फोनवर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी तेव्हा जळगावच्या एका खासगी लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते. शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि आजार कोणता ते सांगायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, रिपोर्ट दिला की तो तुकडा फेकून देतात. तसं नसतं. तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून ठेवतात. त्या वडीला ब्लॉक म्हणतात. थंड जागी ठेवला तर ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याचे पातळ काप काढून नवी टेस्ट करता येते.

पूर्वी अशी गरज क्वचित पडायची. आता सारखी पडते. कारण कॅन्सर आहे एवढं सांगून भागत नाही, पेशीतल्या कुठल्या जनुकात बिघाड झालाय तेही शोधता येतं. जनुक म्हणजे पेशीला दिलेली सूचना. एखादी सूचना बिघडली आणि पेशीला 'वाढत राहा' एवढंच सांगत बसली, की गाठ होते. नेमका बिघाड सापडला तर काही पेशंटना सलाइनमधून द्यायच्या केमोऐवजी रोजची गोळी चालते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत असा बिघाड बऱ्याचदा सापडतो.

सुमनअक्का तशाच होत्या. भडगावजवळच्या एका गावातल्या, साठीच्या आसपासच्या. खोकला हटेना म्हणून आधी त्यांना टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. मग छातीत सुई घालून तुकडा काढला. तो माझ्याकडे आला आणि कॅन्सरचा रिपोर्ट मीच दिला. पहिल्या डॉक्टरांनी जनुकांची टेस्ट न करताच केमो सुरू केली. ती अक्कांना झेपली नाही. अंगात त्राण राहिलं नाही, तेव्हा मुलगा नितीन त्यांना धुळ्याला, देवपुरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ब्लॉक कुठे आहे?"

ब्लॉक आमच्या लॅबच्या गच्चीवर होता. पत्र्याच्या शेडमध्ये.

लॅबचे मालक स्वतः डॉक्टर. आम्ही त्यांना सर म्हणायचो. हिवाळ्यात त्यांनी स्टोअर रूममध्ये नवीन मशीन बसवलं आणि ब्लॉकचे सगळे खोके वर हलवले. मी तेव्हाच म्हटलं होतं, "सर, उन्हाळ्यात तिथे मेण टिकणार नाही."

"बघू," सर म्हणाले होते.

जळगावच्या मे महिन्यात बघण्यासारखं काय असतं? मी वर गेले तेव्हा पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. खोका उघडला. वरच्या थरातले ब्लॉक वितळून एकमेकांना चिकटले होते. एकाचं मेण दुसऱ्यात उतरलं होतं. त्यासोबत काही तुकडेही जागा सोडून सरकले होते. ब्लॉक ज्यात बसवतात ती अक्कांच्या नंबरची प्लास्टिकची चौकट सापडली. तिच्यात मेण होतं, दोन बारीक तुकडेही होते. पण ते अक्कांचेच, हे मी छातीठोक सांगू शकत नव्हते.

मी खोका तसाच उचलून सरांच्या टेबलावर ठेवला.

"नंबर दिसतोय ना?" सर म्हणाले. "मग तोच पाठवा."

"तुकडा शेजारच्या पेशंटचा निघाला तर? दुसऱ्याच्या कॅन्सरची गोळी हिला सुरू होईल."

"मग लिहा, टिश्यू संपलं. टेस्ट करताना संपतंच की. कुठलाही डॉक्टर यावर प्रश्न विचारत नाही."

"संपलं नाही, सर. आपण वितळवलंय."

"आवाज खाली. बाहेर पेशंट बसलेत."

"त्यांचेही तुकडे वरच जाणार आहेत ना?"

खोटं, तेही असं बेमालूम, की ते पकडणारं कुणी नाही. माझ्या रागाचं खरं कारण ते होतं. मी केबिनच्या बाहेर आले आणि धुळ्याला फोन लावून जे झालं ते सगळं सांगितलं. नंतर तेच ईमेलवरही लिहून पाठवलं.

अक्कांच्या तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचेच्या जुन्या स्लाइड खाली माझ्या खोलीत शाबूत होत्या. काचेवरच्या पेशी खरवडूनही ही टेस्ट करता येते. त्या पाठवल्या, पण पेशी फार थोड्या होत्या. टेस्टचा निकाल निघाला नाही. मग डॉक्टरांनी अक्कांचं रक्त पाठवलं. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात, ते पकडायचं तंत्र आता निघालंय. रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. याचा अर्थ बिघाड नाही, असा होत नाही. गाठीतून रक्तात पुरेसं उतरलं नसेल, एवढाच होतो. म्हणजे पुन्हा सुई.

मी रजा टाकून धुळ्याला गेले. हे अक्कांना मी स्वतः सांगायला हवं असं वाटलं. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. नितीन खिडकीशी उभा होता. मी सगळं सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमना मेन वितयना, अन सुई माले का बरं?"

मेण आमचं वितळलं होतं, सुई मात्र त्यांना.

"माय, मॅडमनी खरं सांगं. दुसरा कोनी सांगतंच नही," नितीन म्हणाला.

"खरं सांगीसन मनी छाती थोडी बरी व्हनार शे?" अक्का म्हणाल्या. खरं सांगण्याने छाती बरी होत नाही, हे त्यांचंही बरोबर होतं.

दुसऱ्या वेळी सुई टोचली तेव्हा फुफ्फुसातून हवा गळली. अशक्त पेशंटमध्ये असं होऊ शकतं. ती हवा काढायला अक्कांच्या बरगड्यांमधून नळी घालावी लागली. कूस बदलताना त्या कळवळायच्या. नितीन मला फोन करून फक्त "आज जास्त दुखतंय" एवढं सांगायचा आणि ठेवायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्याने त्या कधीच घातल्या नाहीत, म्हणून मला सरांचा आणखी राग यायचा.

पण तुकडा चांगला मिळाला. जनुकातला बिघाड सापडला, आणि तो ज्यावर गोळी आहे असाच निघाला. काही आठवड्यांत अक्कांचा खोकला कमी झाला. पावसाळा संपता संपता त्या अंगणात बसून शेंगा फोडत होत्या. आजार गेलेला नाही. गोळी त्याला दाबून ठेवते, किती काळ ते कुणी सांगू शकत नाही. पण दरम्यान वाया गेलेले दिवस आणि बरगड्यांमधली ती जखम, हे दोन्ही आजारामुळे नव्हतं. ते आमच्यामुळे होतं.

त्या खोक्यात एकट्या अक्कांचाच ब्लॉक नव्हता. बाकीच्या पेशंटच्या डॉक्टरांना कळवावं, असं मी सरांना सांगितलं. "कुणी मागितला तर बघू," ते म्हणाले. मग मीच एकेका डॉक्टरांना फोन केले. चौथ्या फोननंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही दुसरीकडे बघा." मी उरलेले फोन घरून केले. आता मी धुळ्यात काम करते.

सरांनी नंतर गच्चीवर एसी बसवला, असं ऐकलं. त्यावर मी खूश व्हावं अशी तिथल्या एका मैत्रिणीची अपेक्षा होती. मी झाले नाही. ज्यांचे तुकडे वितळले त्यांना एसीचा उपयोग नाही.

बायोप्सी झालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते. ब्लॉक लॅबचा नसतो, तुमचा असतो. लॅबने तो फक्त सांभाळायला घेतलेला असतो. रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हा तो कुठे ठेवलाय ते विचारा. उत्तर द्यायला कुणी वेळ लावला, तर ब्लॉक मागून घ्या आणि घरी नेऊन थंड जागी ठेवा.