आबा सराफांची ओवाळणी

सासरची माझी पहिली भाऊबीज. मी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत होते. मला भाऊ नाही, आणि जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, असं आईने शिकवून पाठवलेलं. वय चौदा. डोळ्यांत पाणी असं भरलेलं की तो बारीकसा चंद्रही धड दिसेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, त्याला ओवाळून काय मिळणार? तो कधी तबकात काही टाकतो का?"

वळून बघते तर दिंडीदरवाजात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. डोक्याला पगडी, अंगात पांढराशुभ्र अंगरखा, आणि चेहरा असा की माणूस हसतोय की रागावलाय ते कळू नये. आमच्या सदाशिव पेठेतल्या बोळात अगदी समोर राहणारे आबा सराफ ते हेच. बुधवारात त्यांची पेढी होती. "पाट मांड," ते म्हणाले. "आज मी तुझा भाऊ. आज दादा म्हणायचं. आबा उद्यापासून."

मी पाट मांडला. डोळे पुसले आणि ओवाळलं. आबांनी कमरेच्या पिशवीतून अंकुशाच्या छापाचा एक रुपया काढला, नखावर उडवून त्याचा नाद ऐकला आणि तबकात टाकला. त्या काळी रुपया म्हणजे काय ते आता सांगून कळायचं नाही. घरातले कर्ते पुरुषसुद्धा तो दहादा विचार करून मोडत. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच होत्या. त्यांनी हात पुढे केला, "दे इकडे, नीट ठेवते."

आबा पाटावरून उठता उठता थांबले. "वहिनी, ओवाळणी म्हणजे स्त्रीधन. कोपऱ्यावर शास्त्रीबुवा आहेत, बोलावू का विचारायला?"

सासूबाईंचा हात मागे गेला. तोंड मात्र गेलं नाही, "एवढ्याशा पोरीच्या हातात रोकड! एक खण दिला असतात तर शोभलं असतं हो."

"खणाला तुमची पसंती लागते, रुपयाला लागत नाही," असं म्हणून आबा माझ्याकडे वळले. "मूठ मीट. आणि ह्याचं काय केलंस ते मला कधी सांगू नकोस. मी विचारणार नाही."

असा हा माणूस. बोळातल्या, भावाविना आलेल्या किंवा भाऊ लांब मुलुखात अडकलेल्या प्रत्येक कोवळ्या सुनेच्या घरी ते भाऊबिजेला जात. आदल्या दिवशी, पाडव्याला, मिसरूड फुटू लागलेल्या मुलांची पाळी. त्यांना ओट्यावर बोलवायचे आणि एकेकाच्या हातावर रुपया ठेवायचे. त्यात भिक्षुकांची पोरं असत, तांबोळ्याचा हुसेन असे. लहानग्यांना खाऊ आणि थोरांना रामराम. रोकड फक्त ह्या मधल्या वयाला. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "लहानांचे सगळे लाड करतात, मोठ्यांचं मोठे बघून घेतात. ही मधली पोरं सगळ्यांच्या शिव्या खातात. त्यांच्या हातात काहीतरी नको का?"

लोक नावं ठेवत. पुण्यात नावं ठेवायला कोणाला पैसे पडतात? एका पाडव्याला शेजारचे भाऊराव तणतणत आले, "आबा, तुमच्या रुपयाने आमचा सदू सोंगट्यांवर जुगार खेळला. हरला सगळा. पोरगं बिघडवलंत तुम्ही!" बोळातली सगळी डोकी दारांतून बाहेर आली. आबा शांतपणे म्हणाले, "भाऊराव, पंधराव्या वर्षी बिघडला तर रुपयात भागतं. चाळिसाव्या वर्षी बिघडला असता तर वतन गेलं असतं. स्वस्तात सुटलात." भाऊराव आले तसे गेले. पुढच्या पाडव्याला सदूला रुपया मिळालाच.

माझं सांगायचं तर मी एकही रुपया मोडला नाही. हळदीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवायची. सासूबाई बोलायला लागल्या, आणि बाईसाहेबांचं तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही, की मी मान खाली घालून ऐकायची आणि मनात म्हणायची, बोला, माझे रुपये आहेत. त्या रुपयांचं मी काय करणार होते? काही नाही. पण नेसूच्या लुगड्यापासून पायातल्या जोडव्यांपर्यंत सगळं कोणी ना कोणी घातलेलं, दिलेलं, उद्या काढून घेता येईल असं. हळदीच्या डब्यातलं तेवढं माझं. ह्याची किंमत ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

मग ती दिवाळी आली. हडपसराकडून सकाळीच धडाड् धडाड् ऐकू यायला लागलं. आम्हांला वाटलं, कोणी तरी मोठे बार उडवतंय. दुपारी कळलं, लढाई जुंपलीय. संध्याकाळपर्यंत कळलं, आपली फौज मोडली आणि श्रीमंत पेशवे शहर सोडून गेले. सासरे आणि 'हे' दफ्तरात कामाला, ते त्यांच्या मागोमाग गेले. घरात आम्ही दोघी. पणत्या विझवल्या, दारं लावली. बोळाच्या तोंडाशी जिंकलेल्यांची चौकी बसली. ज्यांच्याकडे चार पैसे होते ते रातोरात पळाले, नाहीतर जमिनीत पुरून कंगालाचं सोंग घेऊन बसले. आबांनीही घरची माणसं वाईला पाठवली, पेढीला कुलूप लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "माझ्याकडे छदाम नाही."

भाऊबिजेला मी तबक काढलंच नव्हतं. दिवेलागणीला कडी वाजली. दारात आबा! तीच पगडी, तोच पांढरा अंगरखा. चौकीसमोरून चालत आलेले.

"पाट मांड," ते म्हणाले.

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ओवाळून झालं आणि तबकात रुपया वाजला तेव्हा त्या जवळजवळ रडायला लागल्या, "अहो आबा, वेड लागलंय का तुम्हांला? चौकीवर कळलं तर सोलून काढतील. उचला तो, उचला आधी!"

"टाकलेली ओवाळणी उचलत नाहीत, वहिनी," आबा म्हणाले. "आणि तोफा वाजल्या म्हणून भाऊबीज होत नाही असं कुठे आहे?" उठले आणि पुढच्या घरी गेले. त्या संध्याकाळी ते एकूण एक घर फिरले. मी दाराच्या फटीतून बघत होते. माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे. एवढा मोठा माणूस इतक्या साध्या चालीने चालताना मी कधी पाहिला नव्हता.

कळायचं ते कळलंच. कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे, पण मेलेल्या माणसाचं नाव कशाला घ्या? पुढे जिंकलेल्यांनी शहरातून वसुली सुरू केली तेव्हा आबांना चावडीवर नेलं. घर खणलं, पेढी फोडली, होतं ते सगळं नेलं. तरी वसुलीवाल्यांचं म्हणणं एकच, ज्याने दिवाळीला रुपये उधळले त्याच्याकडे आणखी असणार. हुसेन पानं द्यायला चावडीवर जायचा. तो धावत आमच्या दारी आला, "काकू, आबांना उन्हात उभं केलंय. डोक्यावर धोंडा दिलाय. ते विचारतात, दिवाळीला रुपये कोणाकोणाला दिलेस ते सांग, तेवढे आणून दे म्हणजे सोडतो. आबा नावंच सांगत नाहीत. म्हणतात, तबकात पडले तेव्हाच ते माझे राहिले नाहीत."

मी उठले, डबा खाली काढला आणि हळदीत हात घातला. सासूबाई समोर उभ्या. मला वाटलं, आता अडवणार. त्या म्हणाल्या, "डोक्यावरून पदर घे नीट. मी येते. आणि पलीकडच्या पोरींनाही हाक मार."

आम्ही बायका भर दुपारी चावडीवर गेलो. पुढे सासूबाई, मागे आम्ही सुना, माझ्या हातात तबक, त्यात सगळ्यांचे रुपये, हळदीने पिवळे झालेले. आबांचे पाय सुजले होते, ओठ फुटले होते. आम्हांला बघून ते ओरडले, "कशाला आलात उन्हाच्या? चला, परत फिरा! ते तुमचे आहेत!"

"आमचे आहेत ना?" मी म्हणाले. सासूबाईंसमोर, परक्या पुरुषांसमोर एवढ्या मोठ्याने मी जन्मात पहिल्यांदा बोलत होते. "मग त्यांचं काय करायचं ते आम्ही बघू. तुम्ही विचारायचं नाही."

आबांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं.

वसुलीचा जमादार दाढीवाला, आडदांड. तबकाकडे बघून म्हणाला, "काय हाय ह्ये?"

"भाऊबिजेची ओवाळणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या भावाने घातलेली. तुम्ही नावं मागत होतात ना? ह्या पोरी इथे उभ्या आहेत. घ्या, आणि भावाला सोडा."

जमादाराने पुढे केलेला हात चटका बसावा तसा मागे घेतला. "बहिणीच्या तबकातलं? आपल्याला न्हाय जमायचं," असं पुटपुटून तो तोंड फिरवून उभा राहिला. त्याच्या कारकुनाला मात्र लाजलज्जा काही नव्हती. त्याने तबक उपडं केलं, रुपये थैलीत भरले आणि "न्या म्हाताऱ्याला" म्हणाला. जमादाराला खरोखर लाज वाटली, की ह्या माणसाकडे आता काहीच उरलेलं नाही हे त्यांना पटलं, देव जाणे. धोंडा मात्र जमादाराने स्वतः उतरवला.

पुढे श्रीमंत परतले, त्यांच्याबरोबर सासरे आणि 'हे'ही घरी आले; पेढी मात्र काही परत उभी राहिली नाही. आबांची मान कायमची वाकडी झाली. पुढच्या भाऊबिजेला ते काठी टेकत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. "ओवाळून घ्यायला आलोय. टाकायला काही नाही. चालेल का, ते आधी विचारतो."

सासूबाईंनी स्वतः पाट मांडला, त्याभोवती रांगोळी घातली आणि म्हणाल्या, "बसा. दरवर्षी विचारत बसू नका." मग जगले तोवर ते दरवर्षी आले. हात रिकामे, पण अंगरखा तसाच पांढराशुभ्र. मी मोठमोठे सरदार पाहिलेत, अंबारीतून जाणारे. आबा बोळातून काठी टेकत यायचे तेव्हा जसा ऊर भरून यायचा तसा त्यांतल्या एकालाही बघून आला नाही.

एका माघात आबा गेले. भाऊ गेला की लग्न झालेल्या बहिणीला तीन दिवसांचं सुतक. आम्ही सगळ्या चुलीला हात न लावता बाजूला बसलो. शास्त्रीबुवा समजूत घालायला आले, "अहो, तुमचं ना नातं ना गोत. तुम्हांला सुतक लागतच नाही."

"लागत नसेल," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही धरलंय."

शास्त्रीबुवा माझ्या सासऱ्यांकडे बघत राहिले. सासरे उठले, धोतर खोचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चुलीपुढे जाऊन बसले. ते तीन दिवस आमच्या बोळातल्या निम्म्या घरांत पुरुषांनी भात शिजवला.