पान्याला हिरवा दिवा नसतो

मंडळी, हात अजून ऑइलने काळे आहेत आणि तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

चाकणला कंपनीत लाइनवर दिवसभर बोल्ट आवळणं हेच माझं काम. म्हणून कुरुळीतले आमचे घरमालक तात्या आज दुपारी म्हणाले, "गाडीचं ऑइल तूच बदल. दुसऱ्याचा भरवसा न्हाई." याच मोटरसायकलवरून ते रोज घरोघर दूध घालतात.

जुनं ऑइल काढलं, नवा वॉशर घातला. इंजिनखालचा बोल्ट आधी हाताने बसवला, मग पान्याने आवळला. तेवढंच पुरे होतं. पण कंपनीत बोल्ट आवळायची गन ठरलेल्या जोरावर आपोआप थांबते, हिरवा दिवा लागतो, तेव्हाच आम्ही हात काढतो. इथे कुठला दिवा! माझं मन भरेना. पान्याला पाइप लावून आणखी जोर दिला, तसा पाना एकदम हलका झाला. इंजिनमधले आटे गेले होते; आता बोल्ट धरणार नाही, ऑइल राहणार नाही, म्हणजे गाडी बंद.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"बोल्टच कच्चा होता, तात्या." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं.

"व्हय का? बरं झालं तू व्हतास. रस्त्यात सुटला असता तर!" असं म्हणून त्यांनी मलाच चहा पाजला. मग दुधाचे कॅन जुन्या सायकलला अडकवून सत्तरीचा तो माणूस निघाला.

राव, दारोदार ते माझं कौतुकच सांगत असणार. मी अजून त्यांच्याच पायरीवर बसलोय. आल्या आल्या खरं सांगायचंय, पण पहिलं वाक्यच सुचत नाही. तुम्ही काय म्हणाला असता? लवकर सांगा, कोपऱ्यावर सायकलची घंटा वाजली.